दहाहजारी आणि संत्र्याची साल

वरूडला येऊन 'प्रफुल्ल अकर्ते कुठे राहतात' असं विचाराल, तर अर्धा तास फिरत बसाल. 'होमरन मास्तर' म्हणा. बसस्टँडवरचा पानवाला तुम्हाला थेट माझ्या दारात आणून सोडेल आणि वाटेत तो फटकाही सांगेल. त्यानं तो पाहिलेला नाही, त्याचा जन्मच नंतरचा आहे. पण सांगेल.

फटका असा. दोन हजार बाराचा फेब्रुवारी, विभागीय बेसबॉलचा अंतिम सामना, मैदान आमचंच. शेवटचा डाव, आम्ही दोन धावांनी मागे, आमचे दोन खेळाडू बेसवर उभे, आणि बॅट माझ्या हातात. चेंडू आला, मी बॅट फिरवली. चेंडू उंच उडून उजव्या कोपऱ्याकडे गेला. तिथला फिल्डर मटकन खाली बसला, चेंडू त्याला ओलांडून घरंगळला, आणि मी चारही बेस पळून घरी आलो. सामना जिंकला! प्रेक्षकांत आमच्या शाळेचे तेव्हाचे अध्यक्ष होते. त्यांनी त्याच संध्याकाळी मला क्रीडाशिक्षकाची नोकरी देऊ केली. नोकरी लागली म्हणून फुटाण्यांच्या सुचिताचं स्थळ आलं. नोकरी, बायको, नाव, जे काही आहे ते त्या एका फटक्याचं.

या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी चेंडू मैदानाच्या कडेला थांबला होता. दहा वर्षांनी तो कालव्यात पडला. हल्लीहल्ली तो कालवा ओलांडून यावलकरांच्या संत्र्याच्या बागेत सापडायला लागला होता. मीही दुरुस्ती करत नव्हतो. लोकांचं मन कशाला मोडायचं?

सुचिताबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. बाई लाखात एक, पण एक खूळ आहे. संत्रं सोलताना ती साल अखंड काढते, एका तुकड्यात, आणि ती साल पिशवीत घालून घरी आणते. लग्नात, गाडीत, शेतात, कुठंही. दुसऱ्या कोणी साल खाली टाकली तर ती वाघिणीसारखी धावून जाते. संत्र्यांच्या गावात राहून हे खूळ! मला वाटायचं, स्वच्छतेची आवड असेल.

तर दोन वर्षांपूर्वी जिल्हा संघटनेनं प्रत्येक तालुक्याला ते यंत्र दिलं. तीन खांब, त्यांवर कॅमेरे, बॅटच्या मुठीत बसवायची एक चकती, आणि पिठाच्या डब्याएवढी पेटी. सोबत मैदानात लावायचा मोठा फलक. ते घेऊन आली डॉक्टर अस्मिता धर्माळे. संख्याशास्त्राची डॉक्टर, आणि माझीच विद्यार्थिनी. शाळेत असताना मी तिला मैदानात लांब उभी करायचो, तर ही तिथे उभी राहून ढग मोजायची. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"सर, तुम्ही पोरींची सरासरी कशी काढता?" तिनं विचारलं.

"कशी म्हणजे? किती वेळा फटका लागून बेसवर पोचली, भागिले किती वेळा खेळली."

"एका हंगामात एक मुलगी किती वेळा खेळते?"

"चाळीसेक वेळा."

"मग त्या सरासरीचा भरवसा नाही." तिनं खिशातून नाणं काढलं. "हे दहा वेळा उडवलं आणि सात वेळा छापा आला, तर नाणं हुशार आहे असं म्हणाल का? शंभरातले तीस फटके लागतील एवढी जिची खरी कुवत आहे, तिची सरासरी चाळीस संधींत नुसत्या योगायोगानं तेवीसही येते आणि सदतीसही येते. चेंडू नेमका फिल्डरच्या हातात गेला, की पोरगी ढ. दोन हात बाजूला गेला, की पोरगी हुशार. तुम्ही इतकी वर्षं मुली नाही निवडल्या सर, योगायोग निवडले."

मला राग आला, पण ऐकून घेतलं.

"हे यंत्र निकाल बघतच नाही," ती पुढे म्हणाली. "बॅटचा वेग किती, कोन किती, चेंडू बॅटला कुठे लागला, पोरीच्या नजरेनं तो कधी टिपला, एवढंच बघतं. मग तोच फटका ते आपल्या पोटात दहा हजार दुपारी खेळून पाहतं. एका दुपारी वारा थोडा जास्त, एका दुपारी फिल्डर हातभर डावीकडे, एका दुपारी जमीन ओली. दहा हजारांपैकी जितक्या दुपारी पोरगी बेसवर पोचते, तो तिचा खरा आकडा. नशीब वजा."

लोकांनी यंत्राचं नाव ठेवलं दहाहजारी.

मला तर देव भेटला! इतकी वर्षं मी आईबापांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. माझी पोरगी का नाही घेतली, तिचीच का घेतली, ती तुमच्या साडूची लागते का. आता मी फलकाकडे बोट दाखवायचो आणि चहा प्यायचो. मी जाहीरच करून टाकलं, ज्या मुलीचा हंगामाचा आकडा अडीच हजारांच्या खाली, ती जिल्हा संघात नाही. जागा रिकामी राहिली तरी चालेल. "नशिबाला संघात जागा नाही!" असं मी भर सभेत टेबलावर हात आपटून म्हणालो. आमचे नगरसेवक बाजड, त्यांची कायरा माझ्याच संघात, त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलं. खाली माझं नाव, वर माझं चित्र. चित्रातला मी कोणी दुसराच होता, पण वाक्य माझं होतं.

अस्मिता एवढंच म्हणाली, "सर, हे शिकवायला वापरा. निवडायला जरा जपून. हे फटका मोजतं, खेळ नाही मोजत. आणि बारा वर्षांची पोरगी दिवाळीनंतर वेगळीच पोरगी असते."

"तू ढग मोज," मी म्हणालो.

पुढचं वर्ष गावात मोठं मजेचं गेलं. कायरा झेलबाद झाली की बाजड उभे राहून टाळ्या वाजवायचे, कारण फलकावर चार हजार दिसायचे. मोर्शीचा संघ आमच्याशी हरला आणि पेढे वाटून गेला, कारण त्यांचा आकडा जास्त होता. आमच्या शेजारी एक मुलगा बघायला पाहुणे आले, तर मुलीच्या आजीनं विचारलं, "आमच्या पोट्टीशी याचं दहा हजारांत किती वेळा जमंल?" आणि मैदानात एक नवीनच चाल सुरू झाली. मुली चेंडू मारायच्या आणि पळायच्याच नाहीत, मान वर करून फलकाकडे बघत उभ्या राहायच्या. आकडा बॅटला चेंडू लागताक्षणीच ठरतो ना, मग पळायचं कशाला? फिल्डर पोरीही चेंडू सोडून आकडा बघायच्या. कधीकधी अख्खं मैदान आकाशाकडे तोंड करून उभं, जणू विमान चाललंय. मी शिट्टी फुंकून दमायचो.

पळायची एकटी स्पृहा लुंगे.

स्पृहा म्हणजे बारा वर्षांची काडी. तिची आई मंडीत संत्र्यांची प्रतवारी करायची. पोरगी बॅट धरायची ती मुसळ धरल्यासारखी. चेंडू लागायचा तोही पिचकल्यासारखा, टप्पे टाकत जायचा. पण लागला रे लागला, की ही अशी सुटायची की मागे चप्पल राहायची. तिची जुनी सरासरी संघात पहिली, शंभरात एक्केचाळीस. दहाहजारीचा आकडा मात्र संघात शेवटचा. एक हजार आठशे ऐंशी.

सोळांच्या यादीत मी पंधरा नावं लिहिली आणि सोळावी ओळ कोरी ठेवली. दुसऱ्या दिवशी मायलेकी शाळेत आल्या.

"सर, जागा रिकामी हाय म्हन्तेत," लुंगेबाई म्हणाल्या.

"जागा आहे, आकडा नाही."

"म्या इले सांगतलं होतं, निवड झाली तं खेळ, नाई तं जूनपासून शिकवनी. मले रोज मंडीतून येऊन इची वाट पाह्यनं जमत नाई. म्हनून इचारते. पक्कं नाई ना?"

"पक्कं नाही."

स्पृहानं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. "पन सर, मी बेसवर तं पोचली ना?"

"पोचलीस ती नशिबानं," मी भिंतीकडे बोट केलं. "वाचता येतं ना?"

तिनं वाचलं. मोठ्यानं वाचलं, शाळेत वाचायला सांगितल्यासारखं. मग आईचा हात धरून गेली. मला काही वाटलं नाही, असं मी त्या दिवशी स्वतःला तीनदा सांगितलं.

आता बाजडांच्या डोक्यात आलं की माझा सत्कार करावा. शाळेसमोरच्या चौकाला 'होमरन चौक' नाव द्यायचं, फलक उघडायचा, आणि त्या ऐतिहासिक फटक्याचा मोबाइलवर घेतलेला जुना व्हिडिओ दहाहजारीत घालून खरा आकडा पडद्यावर झळकवायचा. "पोरींना कळू द्या, मास्तरांचा आकडा काय चीज आहे! नऊ हजाराच्या खाली नसणार!" मी "कशाला, कशाला" म्हणालो, पण नवीन शर्ट शिवायला टाकला.

सत्काराच्या आदल्या दुपारी अस्मिता घरी आली. सुचिता ओसरीवर संत्रं सोलत बसली होती. अस्मितानं पाणीसुद्धा मागितलं नाही.

"सर, आकडा आला."

"किती? नऊ?"

"तीन."

"तीन हजार?" माझं तोंड पडलं. "जुना व्हिडिओ आहे, धूसर असेल..."

"हजार नाही सर. तीन. दहा हजार दुपारींपैकी तीन दुपारी." ती जमिनीकडे बघत होती. "बाकीच्या नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव दुपारी तो सरळ झेल आहे. आणि त्या तिनातल्या एकात मध्ये कुत्रं येतं."

मी खुर्चीत बसलो. खुर्ची होती म्हणून बरं झालं.

"पण तो खाली बसला ना! माझ्या चेंडूचा वेग बघून..."

"घसरला सर. यंत्रानं चित्र साफ केलं तेव्हा दिसलं. त्याच्या पायाखाली काहीतरी केशरी आहे." तिनं पडदा माझ्यापुढे धरला. "अजून एक. फटका मारताना तुमचे डोळे मिटलेले होते."

"उद्याच्या पडद्याचं काय?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल ते दाखवते. यंत्र बिघडलं म्हणू. तुमच्यासाठी एकदा खोटं बोलेन मी." आणि बिचारी चहा न घेता गेली.

 एकतीस वर्षं! नोकरी, नाव, चौक. ज्या पोरीला मी नशीब म्हणून हाकललं, ती दहा हजारांत एक हजार आठशे ऐंशी वेळा पोचत होती. मी तीन वेळा. त्यात एकदा कुत्रं.

"अजी," सुचिता म्हणाली. तिच्या हातात अखंड साल लोंबत होती. "ते केशरी काय हाय, मले मालूम हाय."

"काय आहे?"

"साल."

मी तिच्याकडे बघितलं.

"म्या अन् मैतरनी मैदानाच्या भिंतीवर बसून संत्रे खात होतो. उज्व्या कोपऱ्याले. म्या रेखाले साल फेकून मारली, ते वाकली, साल पडली मैदानात. म्या म्हन्लं, उतरून उचलाव, तं तेवढ्यात तुमी बॅट फिरवली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तो पोट्टा असा धप्पकन पडला, बाप्पा! मले हासूबी आलं अन् रडूबी आलं."

"आणि एकतीस वर्षं बोलली नाहीस?"

"कशी बोलू? तुमचा चेंडू दरवर्षी लांब जाऊन राह्यला होता. कालवा ओलांडला त्यानं. त्याले मधात कशी आडवू?"

मी चिडलो. खूप चिडलो. "म्हणजे माझ्याशी लग्नही दयेपोटीच केलंस!"

"दया कायची? स्थळ आलं तवा म्या इचार केला, या मानसाचं नशीब माह्या हातानं उघडलं, तं पुढचंबी आपनच पाहून घेऊ." मग ती जवळ येऊन बसली आणि सोललेलं संत्रं माझ्या हातात दिलं. "पन आयका. साल म्या टाकली, ते एक दुपार. त्याच्यानंतर सकाळी पाचाले उठून पोट्ट्याईले पळवायले रोज कोन गेलं? म्या गेली? थंडीत, तापात, आपल्या मायच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. ते काय सालीनं केलं?"

 मी संत्रं खाल्लं.

"ते लुंगेची पोट्टी," सुचिता म्हणाली, "तिले एक दुपार द्या ना. तुमाले भेटली तशी."

सकाळी चौकात मांडव होता. बाजडांनी फेटा बांधला, माझा शर्ट नवीन होता, समोर शाळेची सगळी पोरं. फाटकाशी, कामावर जायच्या आधी, लुंगेबाई आणि स्पृहा उभ्या होत्या. बाजड माईकवरून म्हणाले, "आता बघा, खरा आकडा!" अस्मितानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दाखव.

पडद्यावर तीन आले.

बाजड म्हणाले, "हजार आत्ता येतील." लोक थांबले. हजार आले नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "लाइट कमी हाय वाटते." बाजडांनी माईक हातानं झाकला, "मास्तर, यंत्र बिघडलं म्हणून सांगून टाका!"

मी माईक ओढून घेतला. 

"यंत्र ठीक आहे," मी म्हणालो. "बिघाड माझ्यात आहे. चेंडू बागेत गेला नाही, कालव्यातही गेला नाही. फिल्डर संत्र्याच्या सालीवर घसरला. साल कोणाची ते विचारू नका, मला संध्याकाळी घरी जेवायचं आहे. माझे डोळे मिटलेले होते. माझा आकडा तीन." मी भिंतीकडे बोट केलं. "मी या भिंतीवर लिहून ठेवलंय, नशिबाला संघात जागा नाही. मग पहिलं मला हाकला. ती साल नसती तर मला हे मैदान मिळालंच नसतं, आणि त्यानंतर एकतीस वर्षं मी इथे जे केलं ते करायलाही मिळालं नसतं. दहाहजारी खरं बोलते. पण कोणाला खेळू द्यायचं, हे मी तिला विचारायला नको होतं. जागा रिकामी असताना मी एका पोरीला परत पाठवलं. माझं चुकलं. स्पृहा लुंगे, सोळावं नाव तुझं. येतेस का?"

स्पृहा पळत आली. चप्पल फाटकाशीच राहिली.

लुंगेबाई मांडवापर्यंत आल्या, चप्पल हातात घेऊन. "सर, शिकवनीचे पैसे भरून टाकले होते," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. सत्काराचं काय करायचं ते कोणालाच कळेना, शेवटी सुचितानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. चौकाच्या फलकावरचा कपडा बाजडांनी उघडलाच नाही. लोकांनी मात्र नाव ठेवायचं ते ठेवलंच. आज पानवाल्याला विचारा, तो 'साल चौक' सांगेल. आणि 'होमरन मास्तर' म्हणालात तर हसून विचारेल, 'तीन मास्तर ना?'

राज्य स्पर्धा सांगलीला झाली, तिथेही दहाहजारी होतीच. मी खोटं सांगणार नाही, स्पृहा पहिल्या तीन संधींत तिन्ही वेळा बाद झाली. दहाहजारी काही उगाच बोलत नव्हती. चौथी संधी शेवटच्या डावात आली. धावा बरोबरीत, कायरा तिसऱ्या बेसवर, आमचे दोन गडी बाद. म्हणजे स्पृहा बाद झाली की डाव संपला.

सुचिता मैदानाच्या कडेला, दोरीशी बसून संत्रं सोलत होती. तिनं माझ्याकडे पाहून भुवई उडवली. "टाकू?"

"खबरदार!" मी ओरडलो.

पिचरनं चेंडू फेकला. स्पृहाचं मुसळ फिरलं. फुसका फटका, चेंडू तीन टप्पे खात सरळ फिल्डरच्या हातात. फलकावर आकडा आला, दोनशे बारा. एवढा लहान आकडा त्या मैदानावर दिवसभरात कोणी पाहिला नव्हता. समोरच्या संघाच्या सगळ्या पोरी वर बघून हसायला लागल्या. चेंडू हातात असलेली फिल्डरही मान वर करून हसली.

स्पृहानं वर बघितलंच नाही. फिल्डरला चेंडूची आठवण झाली तोवर तिचा पाय बेसवर होता, आणि कायरा, नगरसेवकाची कायरा, आयुष्यात पहिल्यांदा फलक न बघता धावत घरी पोचली होती.

आमच्या पोरी मैदानात घुसल्या. बाजडांचा फेटा उडाला. अस्मिता कोणाला तरी मिठी मारून रडत होती. आणि मी, एकतीस वर्षांचा अनुभव असलेला प्रशिक्षक, आधी कुठे पाहिलं असेल? सुचिताच्या हाताकडे.

साल हातातच होती. अखंड.